स्टेशनापासून घरापर्यंत



दरवर्षी ६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीवर जातो. दादरला उतरलो की पूर्वेकडच्या एका चौकाचे नाव कानावर पडते, ‘दादर टीटी’. बसचा कंडक्टर तेच ओरडतो, टॅक्सीवाला तेच विचारतो, पत्ता सांगणाराही ‘टीटीजवळ या’ असे सांगतो. पण हे टीटी म्हणजे काय, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे? रबाळ्याच्या आमच्या बुद्धविहारात रविवारी वंदनेनंतर मुलांचा अभ्यासवर्ग चालतो, तिथे मी हा प्रश्न विचारला. एक मुलगा म्हणाला, ‘तिकीट तपासनीस.’ दुसरा म्हणाला, ‘टेबल टेनिस.’ सगळे हसले.

टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची ट्राम जिथे येऊन थांबायची आणि तिथूनच परत फिरायची, ती जागा. ट्राम बंद होऊन साठ वर्षे उलटली, रूळ डांबराखाली गेले, तरी लोकांच्या तोंडी नाव राहिले. त्या चौकापासून हिंदू कॉलनीतले राजगृह चालत जाण्याइतके जवळ आहे. परमपूज्य बाबासाहेब राजगृहात राहत असताना त्या चौकात ट्रामची घंटा वाजत होती.

हे सांगितल्यावर दहावीतल्या एका मुलीने मोबाईलवर अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराची ट्राम दाखवली. चकचकीत डबे, रस्त्याच्या पातळीवरच उघडणारे दार, म्हातारी माणसे न अडखळता आत जाताहेत. तिने विचारले, ‘सर, मोटारींचे एवढे मोठे शहर. त्यांनी ट्राम परत आणली. मग आपण आपली का घालवली?’

प्रश्न मुलीचा होता, पण उत्तर मोठ्यांनी द्यायला हवे. या प्रश्नाच्या मागे मागे गेलो, तेव्हा तो थेट आपल्या वस्तीच्या तोंडापर्यंत येऊन पोहोचला. म्हणून हे लिहीत आहे.

मुंबईची पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली. ती घोडे ओढत असत. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणीपर्यंत तीन आणे भाडे होते. लोकांची गर्दी वाढली तसे ते दोन आणे झाले. ७ मे १९०७ पासून विजेची ट्राम आली. १९२० मध्ये दुमजली ट्राम रस्त्यावर आली. १९४७ मध्ये हा सगळा कारभार मुंबई महापालिकेच्या ताब्यात आला, तोच ‘बेस्ट’ उपक्रम. पुढे बस आणि मोटारी वाढल्या. रस्त्याच्या मधोमध सावकाश चालणारी ट्राम अडचण वाटू लागली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम गेली आणि नव्वद वर्षांचा तो संसार आटोपला.

माझे आजोबा नायगावच्या बीडीडी चाळीत राहत. गिरणीत रिंग खात्यात कामाला होते. आपल्या माणसांना त्या काळी विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. तिथे पगार जास्त, म्हणून दारही बंद. बाबासाहेबांनी गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला होता, हे जाणत्या वाचकांना माहीत आहेच. असे आजोबा ट्रामविषयी बोलू लागले की त्यांचा चेहरा खुलत असे. ते म्हणत, ‘खात्यात आपली जागा वेगळी, गावाकडे आपली वस्ती वेगळी. पण ट्रामच्या बाकावर कंडक्टर नाणे बघायचा, माणूस नाही. बाजूचा कुणी अंग चोरून बसला तर बसू दे. उठवायचा हक्क त्याला नव्हता.’

बंधूंनो, या साध्या बोलण्यात फार मोठा अर्थ आहे. कुणाच्या मनातला विटाळ ट्रामने धुऊन काढला नाही. तिने एवढेच केले, की ज्याने तिकिटाचे पैसे दिले त्याची बसण्याची जागा त्याची झाली.

पण आजोबांच्या बोलण्याला दुसरीही एक बाजू होती. ते रोज ट्रामने जात नसत. रोज पायीच जात. ट्रामने जायचे ते पगाराच्या दिवशी, किंवा आजीला घेऊन दवाखान्यात जाताना. बाक सर्वांना सारखा होता, परंतु त्या बाकापर्यंत पोहोचायला खिशात नाणे लागत होते. हक्क मिळाला तरी तो रोजच्या वापरात यायला आणखी काहीतरी लागते, हे मला आजोबांच्या पायांनी शिकवले.

वाहनाचा आणि आपल्या समाजाचा संबंध किती जुना आणि किती दुखरा आहे, हे बाबासाहेबांच्या चरित्रात पाहावे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे साताऱ्याहून वडिलांना भेटायला सातारा जिल्ह्यातल्या गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनपर्यंत आगगाडीने गेले. नवे कपडे, हातात तिकीट. आगगाडीत त्यांना कुणी काही विचारले नाही. स्टेशनावर उतरल्यावर स्टेशन मास्तरने विचारले, तुम्ही कोण? मुलांनी जात सांगितली आणि मास्तर चार पावले मागे सरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

पुढे १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले. तेव्हा ते बॅरिस्टर होते, मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. तिथेही टांगेवाला त्यांचा टांगा हाकायला तयार होईना. वस्तीतल्या लोकांनी टांगा भाड्याने मिळवला, पण हाकणार कोण? आपल्यातलाच एक जण पुढे झाला. त्याला सवय नव्हती. वाटेत नाल्यावरच्या पुलावर अपघात झाला. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले.

हे दोन्ही प्रसंग आपण अनेकदा वाचले आहेत. मुलांना सांगितलेही आहेत. पण त्यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या. दोन्ही वेळा आगगाडीने त्यांना नीट आणून सोडले. छळ सुरू झाला तो स्टेशनाबाहेर! रुळावर तिकिटाचा नियम चालत होता, आणि स्टेशनापासून घरापर्यंतच्या वाटेवर गावाचा नियम. मसूरला दुप्पट भाडे लागले ते या वाटेवर, आणि चाळीसगावला हाड मोडले तेही याच वाटेवर.

आता अमेरिकेकडे येऊ. १९१३ मध्ये बाबासाहेब न्यूयॉर्कला शिकायला गेले. त्या शहरात ट्रामचा लढा त्याआधी साठ वर्षांपूर्वी होऊन गेला होता. एलिझाबेथ जेनिंग्स नावाची एक कृष्णवर्णीय तरुण शिक्षिका. १६ जुलै १८५४ रोजी, रविवारी, ती चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला निघाली होती. ती घोड्याच्या ट्राममध्ये चढली. कंडक्टरने तिला उतरायला सांगितले. ती उतरली नाही, तेव्हा तिला ओढून बाहेर काढण्यात आले. तिने ट्राम कंपनीवर खटला भरला. तिचा वकील होता चोवीस-पंचवीस वर्षांचा चेस्टर आर्थर, जो पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. १८५५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला आणि तिला २२५ डॉलर भरपाई मिळाली. एका बाईने सीट सोडली नाही, म्हणून शहराला आपला रिवाज कोर्टात तपासून घ्यावा लागला.

दक्षिणेकडच्या न्यू ऑर्लिन्स शहरात तर कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ट्राम होत्या, त्यांच्यावर तारा काढलेला असे. १८६७ मध्ये लोकांनी चळवळ केली आणि ही विभागणी मोडली. पण १९०२ मध्ये कायदा करून ट्राममध्ये पुन्हा भेद आणला गेला. तो संपायला १९५८ साल उजाडले. मिळालेला हक्क जपला नाही तर काढूनही घेतला जातो, हा त्यातला धडा.

आणि माँटगोमेरीचा बसबहिष्कार! ५ डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस त्या शहरातले कृष्णवर्णीय लोक बसमध्ये चढले नाहीत. धुणीभांडी करणाऱ्या बाया, हमाल, विद्यार्थी, म्हातारे पायी चालले. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले, तेव्हा तिकडे तो बहिष्कार चालूच होता. त्या महिन्यातच तो यशस्वी होऊन संपला. इकडे आपण शोकात होतो, तिकडे कुणीतरी त्याच समतेसाठी चालत होते.

आता आमच्या मुलीने दाखवलेले डेट्रॉईट. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर. तिथली जुनी ट्राम ८ एप्रिल १९५६ रोजी बंद झाली आणि तिचे बरेचसे डबे मेक्सिको सिटीला विकले गेले. घरोघरी मोटार हवी, हाच तिथला मंत्र झाला. पण ज्याच्या घरी मोटार नाही त्याने काय करायचे? शहरात बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, आणि मोटार न परवडणाऱ्यांतही तेच जास्त. एकसष्ट वर्षांनी, मे २०१७ मध्ये, ज्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवरून शेवटची ट्राम गेली होती त्याच रस्त्यावर नवी ट्राम सुरू झाली. तिचे नाव ‘क्यू-लाईन’. लांबी अवघी सव्वापाच किलोमीटर. आज तिला तिकीट लागत नाही.

ऐकायला छान वाटते. पण तिच्यावर तिथल्याच लोकांनी टीका केली, तीही ऐकली पाहिजे. लोक म्हणाले, ही ट्राम शहराच्या मधल्या, भरभराटीच्या भागात फिरते. दुकाने, कचेऱ्या, खेळाची मैदाने तिच्या वाटेवर येतात. दूरच्या गरीब वस्तीतल्या माणसाला कामावर जायला अजूनही बसची वाट बघत थांबावे लागते. गाडी आधुनिक असली म्हणजे ती सर्वांची होतेच असे नाही. ती कुणाच्या दारावरून जाते, हे पाहावे लागते.

म्हणून मी त्या मुलीला सांगितले, की ट्राम परत आणणे ही मोठी गोष्ट आहे, पण तुझा प्रश्न त्याहून मोठा आहे. लोकांना दारापासून कामापर्यंत कोण नेणार, हा तो प्रश्न. मुंबईची ट्राम भायखळा, लालबाग, परळ, दादर अशी आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावरून, चाळींच्या अगदी समोरून जात असे. जिना उतरले की थांबा. ट्राम गेली, तिची जागा तिथे बसने घेतली. पण मुंबईच्या बाहेर, आमच्यासारख्या वस्त्यांत, ना ट्राम आली ना दारापर्यंत बस. आमच्याकडे आली ती रेल्वे, आणि तीही उशिरा.

रबाळ्याचा इतिहास नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ वस्ती आगरी-कोळी बांधवांची. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर पट्ट्यात एमआयडीसीचे कारखाने उभे राहू लागले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नवी मुंबईची आखणी सुरू झाली. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाडा आणि इतर भागांतून आपली माणसे पोटासाठी इकडे आली. कुणी दगडखाणीत, कुणी केमिकल कंपनीत, कुणी बांधकामावर. डोंगराच्या पायथ्याला आणि कंपन्यांच्या भिंतींना टेकून झोपड्या पडल्या. त्यातूनच आजच्या वस्त्या, विहारे आणि जयंती मंडळे उभी राहिली. माझे वडीलही असेच आले.

९ मे १९९२ रोजी मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली. योगायोग असा, की मुंबईची पहिली ट्रामही ९ मे रोजीच सुटली होती. पण वाशीची लोकल आम्हाला लांबच होती. ठाण्याला जायचे तर ठाणे-बेलापूर रस्त्यावर बससाठी उभे राहायचे. मी बी. कॉम. झालो तो याच रस्त्यावर बसच्या दांडीला लटकून. पावसाळ्यात वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शर्टाच्या आत ठेवत असे.

अखेर ९ नोव्हेंबर २००४ रोजी ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला. खर्चाचा ६७ टक्के भाग सिडकोने आणि ३३ टक्के रेल्वेने उचलला. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे ही नावे लोकलच्या पाटीवर आली. पुढे १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्टेशनही उघडले. या मार्गाने आपल्या लोकांचे काय झाले, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. मुली ठाण्याला आणि वाशीला कॉलेजात जाऊ लागल्या, कारण आईबापांना ‘लवकर परत येईल’ असा भरवसा वाटू लागला. ऐरोली-घणसोलीच्या आयटी कचेऱ्यांत आपली मुले कॉम्प्युटरवर बसू लागली आणि आपल्या भगिनी तिथेच साफसफाईच्या कामाला लागल्या. एकाच डब्यातून दोघेही उतरतात. भगवान बुद्धांनी संघाला सागराची उपमा दिली, की नद्या त्यात मिळाल्या म्हणजे त्यांची वेगवेगळी नावे उरत नाहीत. सकाळी आठच्या लोकलमध्ये माणूस इतका दाबून उभा असतो, की त्याचे आडनाव विचारायला कुणाला फुरसत नसते. हाही एक छोटा सागरच म्हणायचा!

परंतु स्टेशनाबाहेर काय?

रबाळ्याचे स्टेशन ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेला आहे. एका अंगाला गाव आणि सिडकोची वसाहत, दुसऱ्या अंगाला एमआयडीसी आणि तिच्या पोटात आपल्या वस्त्या. स्टेशनातून बाहेर पडून आमच्या वस्तीकडे निघालात की कंपन्यांचे रस्ते लागतात. हे रस्ते ट्रेलर आणि टँकरसाठी केलेले, चालणाऱ्या माणसासाठी नव्हे. कडेने गाड्या लावलेल्या, गटाराची झाकणे कुठे आहेत, कुठे नाहीत. शेअर रिक्षा मिळते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि पहाटे तर मिळतच नाही.

आमच्या वस्तीतल्या एक मावशी. ट्रामचा व्हिडिओ दाखवणारी मुलगी यांचीच. नवरा वारलेला, घरात दोन मुले आणि सासू. सकाळी सातच्या पाळीला त्या ठेकेदाराकडे साफसफाईच्या कामावर हजर असतात. पावणेसहाला घर सोडतात, डबा आणि छत्री घेऊन, आणि दोन किलोमीटर चालत स्टेशन गाठतात. दोन पावसाळ्यांपूर्वी पहाटेच्या अंधारात, पाण्याने भरलेला खड्डा चुकवायला त्या रस्त्याच्या मधल्या बाजूला सरकल्या आणि मागून आलेल्या मोटारसायकलने त्यांना उडवले. पाय मोडला. दोन महिने घरी. ठेकेदाराने त्या दिवसांचा पगार दिला नाही, उलट त्यांच्या जागी दुसरी बाई घेतली. मुलीने शाळा सुटल्यावर शेजारच्या घरची भांडी घासून घरखर्चाला हातभार लावला. पुन्हा काम मिळेपर्यंत त्या कुटुंबाने उधारीवर दिवस काढले.

लोकलमध्ये त्यांना काही झाले नाही. जे झाले ते स्टेशन आणि घर यांच्या मधल्या वाटेवर झाले. आज तिथे कुणी जात विचारत नाही, हे खरे. पण या वाटेवर अंधारात चालणारे कोण आहेत, ते एकदा पहाटे उभे राहून पाहा. ज्यांच्याकडे दुचाकी आहे ते निघून जातात. कंपनीच्या साहेबांना गाडी न्यायला येते. उरतात त्या आपल्या मावश्या, आपले ठेक्यावरचे कामगार, आणि उत्तर भारतातून आलेली आपल्याचसारखी गरीब पोरे. वाट त्यांना काही विचारत नाही, पण तिला ते बरोबर ओळखू येतात.

मी पेशाने कारकून. हिशेब मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही. आमच्या वस्तीतून स्टेशनला शेअर रिक्षाचे पंधरा रुपये धरा. जाऊन-येऊन तीस. महिन्याचे सव्वीस दिवस कामाचे. ७८० रुपये झाले. वर्षाचे ९,३६० रुपये. रेल्वेचा दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास याच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. म्हणजे स्टेशनापासून ठाण्यापर्यंतचा सगळा प्रवास स्वस्त, आणि स्टेशनाबाहेरचे दोन किलोमीटर महाग! जी बाई हे पैसे वाचवते ती पायी चालते. एका वेळी पंचवीस मिनिटे, दिवसाला पन्नास, महिन्याला १,३०० मिनिटे. जवळजवळ बावीस तास. हे बावीस तास तिच्या झोपेतून जातात, नाहीतर मुलांच्या अभ्यासावर बसण्यातून. मसूरला दुप्पट भाडे उघडपणे मागितले गेले. आज ते कुणी मागत नाही. आपण ते मुकाट्याने भरतो.

मावशींच्या अपघातानंतर आम्ही विहारात महिलांची बैठक घेतली. पहिल्यांदाच बाया बोलल्या आणि पुरुष ऐकत बसले. कुठल्या वळणावर दिवा नाही, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठे दारुडे बसलेले असतात, सगळे त्यांना पाठ होते. आम्ही त्याचा नकाशा काढला, अर्ज लिहिला, सह्या घेतल्या आणि एका कार्यालयात गेलो. उत्तर मिळाले, ‘हा रस्ता आमच्याकडे येत नाही.’ दुसऱ्या कार्यालयात गेलो. तिथेही तेच. रोज हजारो पाय ज्या रस्त्यावरून जातात, त्या रस्त्याला धनीच नाही!

मग माहिती अधिकाराचा अर्ज केला. २००५ च्या या कायद्याने दहा रुपयांच्या फीमध्ये कुणालाही सरकारी कार्यालयाला लेखी प्रश्न विचारता येतो आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तर फीही लागत नाही. आम्ही एकच विचारले, ‘या रस्त्याची देखभाल कुणाकडे आहे?’ उत्तर लेखी आले. त्या कागदाची झेरॉक्स जोडून तोच जुना अर्ज पुन्हा दिला. आता नाही म्हणायला जागा उरली नाही. काही महिन्यांनी बंद दिव्यांपैकी बरेचसे लागले. दोन ठिकाणी गटारावर झाकणे आली. पहाटेची बस अजून आलेली नाही. तिच्यासाठी आमचा पाठपुरावा चालू आहे.

कुणी म्हणेल, दिव्याच्या खांबासाठी एवढा खटाटोप? चळवळीपुढे मोठे प्रश्न आहेत. होय, आहेत. पण १९५३ मध्ये कलकत्त्यात ट्रामचे दुसऱ्या वर्गाचे भाडे एक पैशाने वाढले, तेव्हा सारे शहर रस्त्यावर उतरले आणि वाढ मागे घ्यावी लागली. एका पैशासाठी! त्या लोकांना ठाऊक होते, की गरिबाच्या घरात एक पैसाही महिनाअखेरीला मोठा होतो. त्याच कलकत्त्यात २०२४ मध्ये सरकारने जाहीर केले, की एक लहानसा वारसा मार्ग सोडून बाकीची ट्राम बंद करणार. सार्वजनिक वाहन असे एकेका मार्गाने कमी होत जाते. ज्यांना त्याची गरज आहे ते संघटित नसले, तर त्याची बातमीही होत नाही.

नवी मुंबईत आता मेट्रोही आली आहे. १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर अशी ती धावते. आणखी मार्ग होतील, मोठे रस्ते होतील. त्यांचे स्वागतच आहे. आपण जुने कवटाळून बसणारी माणसे नाही. विज्ञान आपल्याला हवेच. परंतु नवे काही जाहीर झाले, की आपण एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. पहाटे पावणेसहाला घर सोडणारी आमची मावशी तिथपर्यंत पोहोचणार कशी? डेट्रॉईटच्या लोकांनी हाच प्रश्न विचारला. न्यूयॉर्कच्या त्या शिक्षिकेने सीटवरून न उठता असाच एक प्रश्न विचारला होता.

तेव्हा माझी घरोघरच्या वाचकांना एक विनंती आहे. येत्या रविवारी जेवणे आटोपली की एक वही घ्या आणि सगळे मिळून बसा. घरातला प्रत्येक जण कामावर, शाळेत, दवाखान्यात जायला किती चालतो, किती पैसे देतो, कुठे अंधार आहे, कुठे भीती वाटते, ते लिहा. आधी आईला विचारा, मग बहिणीला, आजीला. वडिलांनी शेवटी बोलावे. दहा घरांच्या अशा वह्या एकत्र आल्या की त्यातून अर्ज तयार होतो. आपल्या विहारात तो वाचा, लेखी प्रश्न विचारा, उत्तराची पोच जपून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आपल्या शिकलेल्या मुलांनी लिहावे. त्यासाठीच तर बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला लावले.

मावशी आता पुन्हा कामावर जातात. थोड्या लंगडतात. त्यांची मुलगी दहावीच्या अभ्यासाबरोबर वस्तीतल्या वह्या तपासायला मदत करते. तिच्या प्रश्नाचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. ते आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!